कोलोरॅडो ४५, टीसीयू ४२ : मला सगळ्यात थक्क केलं डिलन एडवर्ड्सने

२०२३ च्या मोसमातल्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या या सामन्यात आपल्या कोलोरॅडोने टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) हरवलं. आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) शेदूर सँडर्स याचे पासवरचे ५१० यार्ड सगळ्यांनाच अचंबित करून गेले, ते बरोबरच आहे. पण माझ्यासाठी खरा धक्का डिलन एडवर्ड्स. पहिल्याच वर्षातला पोरगा, अंगकाठीनं छोटासा, आणि पहिल्याच सामन्यात चार टचडाउन (चेंडू गोललाइनपार नेऊन मिळवलेले गुण)! शेवटची साडेचार मिनिटं, आपण मागे, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), अजून दोन यार्ड पुढे जायला हवं. शेदूरने साधा छोटा पास दिला आणि हा थेट ४६ यार्ड पळत सुटला. मी तर जागेवरून उठून ओरडतच होतो.

आपला ट्रॅव्हिस हंटर आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळणार हे माहीत होतं, पण टीसीयूच्या गावच्या, फोर्ट वर्थच्या त्या उन्हात शंभरावर प्ले (खेळातल्या चाली)? वर ११ कॅच आणि गोललाइनजवळ झेपावून घेतलेलं ते इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मध्येच पकडणं). कमाल आहे!

२०२२ मध्ये अकरा सामने हरलेला आपला संघ हा, आणि समोर त्याच मोसमातला राष्ट्रीय उपविजेता टीसीयू.

आपल्या बचावाची मात्र काळजी वाटली. टीसीयूचे रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे खेळाडू) आपल्या बचावफळीच्या मधून सहज वाट काढत होते. नेब्रास्काविरुद्धच्या पुढच्या सामन्याआधी ते भगदाड बुजवायला हवं होतं.