मॉलमधल्या कॅन्टनीज कॅफेत दुपारचं जेवण: चौघांसाठी काय मागवावं?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी इथे नाशिकमध्येच एका मॉलमधल्या कॅन्टनीज पद्धतीच्या कॅफेत जेवायला जायचं ठरतंय. आम्ही चौघं. मी आणि नवरा चिकन, मासे, कोळंबी सगळं खातो. सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला तिखट सोसत नाही. मेनूकार्ड फोनवर पाहिलं तर हार गाव, सिउ माय, चाँग फन, हो फन, वाँटन नूडल, काँजी, मुळ्याचा केक, बेक्ड राइस, लो हान जाय, पायनॅपल बन, हाँगकाँग मिल्क टी अशी नावं आहेत. किती मागवावं, कोणत्या क्रमाने, आणि सासूबाईंसाठी नेमकं काय विचारून घ्यावं? मिल्क टी म्हणजे आपला चहाच का?

वाफाळ:
ताई, आधी अपेक्षा जुळवून घ्या. आपल्याकडे गाडीवर मिळतं ते चायनीज कोलकात्याच्या हक्का चिनी मंडळींच्या हातून घडलं आणि पुढे भारतीय जिभेप्रमाणे तिखट, दाट, लसणाचं झालं. कॅन्टनीज म्हणजे दक्षिण चीन आणि हाँगकाँगकडच्या स्वयंपाकाची ओढ उलट दिशेला आहे. मासा ताजा असेल तर त्याला फक्त आलं, पातीचा कांदा आणि सोया पुरतं. त्यामुळे पहिल्या घासाला अळणी वाटेल. लगेच शेझवान चटणी मागवू नका. दोन-तीन घास तसेच खा, मग हवं तर तिखट तेल बाजूला घ्या.

चौघांना वाफेवरच्या तीन टोपल्या पुरतात. एका टोपलीत साधारण तीन-चार नग असतात. एक हार गाव, एक सिउ माय (वरून उघडं, मांसाच्या सारणाचं डंपलिंग), एक शाकाहारी डंपलिंग. त्यानंतर एक हो फन, एक लो हान जाय, एक साधा भात आणि मुलासाठी चिकन बेक्ड राइस. वाँटन नूडल (रश्श्यातल्या नूडल्स आणि डंपलिंग) मोहात पडून मागवाल, पण हो फनबरोबर ते जास्त होतं. दोन्हींपैकी एकच घ्या.

सगळं एकदम मागवू नका. खरी चूक इथेच होते. हार गाव म्हणजे कोळंबीचा मोदकच समजा. पारी गव्हाच्या स्टार्चची, त्यात थोडा टॅपिओका स्टार्च. उकळतं पाणी घालून मळतात, आपली उकड काढतो तशी, आणि कळ्या पाडून सहा-सात मिनिटं वाफवतात. गरम असताना पारी काचेसारखी दिसते, आतली गुलाबी कोळंबी कळते. गार होताच शिजलेला स्टार्च पुन्हा आवळतो, पारी दुधट आणि चिवट होते, टोपलीतल्या कागदाला चिकटून फाटते. म्हणून टोपली आली की फोटो नंतर, खाणं आधी. हो फन आणि भाताची ऑर्डर टोपल्या टेबलावर आल्यावर द्या. बेक्ड राइस मात्र सुरुवातीलाच सांगा, त्याला भट्टीत वेळ लागतो.

चॉपस्टिकने हार गाव वरून टोचू नका. बाजूने खालच्या अंगाला धरा आणि खाली चमचा ठेवा. काटा-चमचा मागितला तरी कुणाला काही वाटत नाही.

हो फन म्हणजे तांदळाच्या रुंद, मऊ पट्ट्या. हाँगकाँगमध्ये त्या बीफबरोबर परततात, इथे चिकन घालतात. आचाऱ्याचा हात याच ताटलीत कळतो. पट्ट्या अखंड, प्रत्येकीला सोयाचा तपकिरी रंग, किंचित धुरकट वास आणि तळाशी तेलाचं तळं नाही, असं असेल तर कढई खरोखर तापली होती. तुकडे झालेले आणि तेल साचलेलं दिसलं तर एका वेळी फार माल टाकला, कढई गार पडली आणि पट्ट्या परतल्या जाण्याऐवजी शिजल्या. म्हणूनच "दोन प्लेट एकत्र करून आणा" असं कधी सांगू नये.

तुळशीकट्टा:
सासूबाईंबद्दल मी लिहिते, कारण मेनूवरच्या हिरव्या टिपक्यापुढे चार गोष्टी विचाराव्या लागतात.

पहिली ऑयस्टर सॉस. कालवांपासून होतो. परतलेल्या पालेभाजीवर, लो हान जायमध्ये, नुसत्या टोफूवरही घालायची पद्धत आहे, आणि रंगावरून तो सोयाच वाटतो. मशरूमपासून केलेला त्याच चवीचा शाकाहारी सॉस बाजारात मिळतो, त्यामुळे "ऑयस्टर सॉस शाकाहारी आहे का" असा प्रश्न विचारला तरच नीट उत्तर मिळेल. एक्सओ सॉस लिहिलेलं काहीही टाळा, त्यात सुकवलेल्या शिंपल्या, सुकट कोळंबी आणि बऱ्याचदा हॅम असतं.

दुसरी गोष्ट रस्सा. काँजी म्हणजे आपली तांदळाची पेज, साधारण एकास दहा पाणी घालून दाणा विरघळेपर्यंत शिजवलेली. वयस्कर माणसाला हे सगळ्यात सोसवणारं जेवण आहे, पण ती बहुतेकदा चिकनच्या किंवा हाडांच्या रश्श्यात शिजते. वरचं चिकन काढून टाकल्याने ती शाकाहारी होत नाही. साध्या पाण्यातली असेल तरच घ्या. स्वीट कॉर्न सूपमध्ये शेवटी अंड्याच्या तारा सोडतात, तेव्हा तिथेही विचारा.

तिसरी, मुळ्याचा केक. नावाने फसायला होतं. किसलेला मुळा आणि तांदळाचं पीठ वाफवून, वड्या पाडून तव्यावर खरपूस करतात, अगदी कोथिंबीर वडीसारख्या. पण पारंपरिक पाककृतीत चिनी सॉसेज आणि सुकट पिठातच मिसळलेली असते, वेचून काढता येत नाही. वाँटनच्या पिवळ्या नूडल्स अंड्याच्या असतात, त्याही सोडा. हो फन आणि चाँग फन (सारण भरलेली मऊ वाफवलेली गुंडाळी) तांदळाचे, त्यामुळे अंड्याचा प्रश्न नाही. भाज्यांचं सारण असलेलं चाँग फन त्यांना आवडेल.

चौथी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. बांबूच्या टोपल्या एकावर एक रचून वाफवतात. वरच्या टोपलीतलं पाणी ठिबकत खालच्या टोपलीत येतं. शाकाहारी टोपली वेगळ्या भांड्यात, निदान सगळ्यात वर ठेवायला सांगा. परतायची कढई आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हेही आधी विचारा. नसेल तर किती चालवून घ्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आपण परस्पर ठरवू नये.

लो हान जाय हा बौद्ध भिक्षूंच्या जेवणातून आलेला पदार्थ. टोफू, कोबी, मशरूम, काळे कान म्हणतात ती बुरशी आणि मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया. त्या परंपरेत कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून चातुर्मासातही तो मागता येतो, फक्त लसूण न घालण्याबद्दल आठवण करा, कारण हॉटेलात हात सवयीने जातो. मशरूम चालत नसतील तर मात्र या ताटलीत फारसं काही उरत नाही.

गोदाकाठची:
टोपल्यांचं खरंच डोक्यात आलं नसतं. मशरूम त्यांना चालतात. गोडात काय? पायनॅपल बन तरी शाकाहारी असेल ना?

तुळशीकट्टा:
नाही. त्यात अननसही नसतो. वरच्या साखरेच्या थराला अननसाच्या सालीसारख्या भेगा पडतात, म्हणून ते नाव. पावात आणि थरात दोन्हीकडे अंडं असतं, जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही. एग टार्ट तर उघडच आहे. मँगो पुडिंगमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असू शकतं. आंबा, पोमेलो (पपनस) आणि साबुदाण्याचं थंड गोड मिळालं तर तेच घ्या: आंब्याचा रस, नारळाचं दूध, उकडलेला साबुदाणा. आमरसाची सवय असलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

चहाबाज:
मिल्क टी आपला चहा नाही. हाँगकाँगच्या साध्या कॅफेंना चा चान तेंग म्हणतात. ब्रिटिशांच्या दुधाच्या चहाला स्वस्तात आणि कडक करून तिथे हा प्रकार रुजला. सिलोनी चहाच्या दोन-तीन प्रतींची पूड मिसळतात, लांब कापडी पिशवीतून चहा पुन्हा पुन्हा ओततात, आणि दूध घालतात ते इव्हॅपोरेटेड, म्हणजे सुमारे ६० टक्के पाणी उडवलेलं, बिनसाखरेचं. पिशवी चहाने तपकिरी होऊन मोज्यासारखी दिसते, म्हणून त्याला रेशमी मोज्याचा चहाही म्हणतात. ही कृती २०१७ साली हाँगकाँगच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत गेली आहे.

आलं-वेलदोडा नसतो. साखर आपण घालायची. चांगला असेल तर रंग विटकरी आणि जिभेवर साय असल्यासारखा गुळगुळीतपणा. पातळ दूध वापरलं की नुसता तुरटपणा उरतो, कारण इतक्या कडक चहाला दाट दुधाचाच आधार लागतो. मुलाला देऊ नका, झोप उडेल. युएनयाँग असेल तर त्यात सात भाग हा चहा आणि तीन भाग कॉफी, म्हणजे आणखी कडक.

घरी करायचा असेल तर १ लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर सतत ढवळत ४०० ते ४५० मिलीपर्यंत आटवा, साय खरवडून आत मिसळत राहा. ४०० मिली पाण्यात १५ ग्रॅम चहापूड घालून मंद आचेवर ६-७ मिनिटं ठेवा, कापडातून गाळा, उंचावरून तीन-चार वेळा ओता. कपात सात भाग चहाला तीन भाग आटीव दूध. दूध चहाबरोबर उकळायचं नाही. उकळलंत तर आपला टपरीचा चहा होतो.

गोदाकाठची:
मग असं ठरवते. बसल्याबरोबर बेक्ड राइस आणि तीन टोपल्या, शाकाहारी वेगळी. मग हो फन, लो हान जाय, भात, सासूबाईंना भाज्यांचं चाँग फन. शेवटी दोन मिल्क टी आणि साबुदाण्याचं गोड. रविवारी दीडला पोचू.

वाफाळ:
दीड नको, सव्वाबाराला पोचा. गर्दीच्या वेळी टोपल्या आधीच वाफवून ठेवतात आणि पारी बिघडते. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास फोन करून सॉस, रस्सा, कढई आणि टोपली हे चार प्रश्न विचारून ठेवा, त्या वेळी भटारखान्यातल्या माणसाला उत्तर द्यायला सवड असते. भाज्यांचं चाँग फन घेणार असाल तर साधा भात एकच वाटी सांगा. आणि चाँग फनवर ओततात तो गोड सोया वेगळ्या वाटीत मागा, त्यात काय काय आहे ते विचारूनच सासूबाईंना वाढा.