शब्दचर्चा : हात ‘नाकारला’ की हात ‘मानवला नाही’?

शाळाबाई, रत्नागिरी
अवयवदानावरचं एक माहितीपत्रक मराठीत करून देते आहे. मूत्रपिंडापर्यंत गाडी बरी चालली, हात आणि चेहऱ्याच्या प्रत्यारोपणापाशी अडली. ‘रिजेक्शन’साठी मी ‘शरीराने हात नाकारला’ असं लिहिलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “नाकारायचाच होता तर लावून घेतलान कशाला?” खरं आहे त्यांचं. स्थळ नाकारतात, नोकरी नाकारतात. तिथे नाकारायला मन लागतं. ‘अस्वीकार’ लिहावं तर तो नुसता कागदावरचा. दुसरा शब्द सुचतो का कुणाला?

कलमवाला, देवगड
आमच्याकडे आहे की. कलम ‘धरलं’ किंवा ‘नाही धरलं’. रायवळाची, म्हणजे गावठी आंब्याची, कोय रुजवायची, तिच्या कोवळ्या खुंटात हापूसची काडी पाचर करून बसवायची, वर पट्टी घट्ट गुंडाळायची. काडी हिरवी राहून फुटली की धरलं, काळी पडली की गेलं. ‘हात धरला नाही’ असं लिहा.

शाळाबाई, रत्नागिरी
‘हात धरला’ वाचून सासूबाई भलतीच चौकशी सुरू करतील!

प्रयोगशाळेतला, चिपळूण
थट्टा सोडली तरी ‘धरणं’ इथे बसत नाही. झाडात फिरत्या पेशी नसतात. काडी परकी आहे हे हुडकून तिच्यावर चालून जाणारं तिथे कोणी नाही. खुंटाचे आणि काडीचे वाढीचे थर जुळले की काम झालं, रायवळावरचा हापूस जन्मभर हापूसच राहतो.

माणसात सर्जन हाडं, रक्तवाहिन्या, स्नायुबंध, मज्जातंतू जोडतात, रक्त सोडल्यावर हात लाल नि ऊबदार होतो. तुमच्या भाषेत कलम धरलं. भांडण त्यानंतरचं. पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात, ती घराण्याची खूण समजा. १९५४ साली बोस्टनमध्ये मूत्रपिंड टिकलं ते देणारा-घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते म्हणून. एरवी टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या पहाऱ्याच्या पांढऱ्या पेशी, ह्या खुणा चाचपत हिंडतात, आणि अनोळखी खूण दिसली की त्यांची संख्या भराभर वाढते नि त्या परक्या अवयवावर चालून जातात.

हातात किंवा चेहऱ्यात कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या असं सगळं एकदम येतं, आणि त्यात सर्वांत जास्त खवळवणारी कातडी. जंतू अडवणं हे तिचं कामच, त्यामुळे तिच्यात पहाऱ्याच्या पेशी भरपूर. दात्याच्या त्या पेशीही हातासोबत येतात. एक सोय मात्र आहे. मूत्रपिंडात बिनसलं तर रक्त तपासावं लागतं, हातावर लाल चट्टे उठलेले रुग्णाला स्वतःला दिसतात. मग कातडीचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली किती बिनसलंय त्याची ० ते ४ अशी पायरी ठरवायची. हात बसवलेल्या बहुतेकांना पहिल्या वर्षात एकदा तरी असा झटका येतो आणि औषध वाढवलं की बहुधा ओसरतो. जे येतं आणि ओसरतं त्याला ‘नाकारलं’ कसं म्हणायचं? स्थळ नाकारलं की विषय संपतो.

मालवणी माणूस
इतक्यो चर्चा कित्याक? ‘मानवणा’ हा शब्द असा ना! आमच्या आयेक सुंगटा (कोळंबी) मानवणत नाय. दोन खाल्ल्यान की अंगार गांधी उठतत. म्हणान तिणा सुंगटा नाकारल्यान काय? जीव जाता तिचो सुंगटांसाठी!

प्रयोगशाळेतला, चिपळूण
वा! आणि तुमच्या आईच्या गांधीही प्रतिकारयंत्रणेचंच काम. शाखा वेगळी, खातं तेच. मन हो म्हणतं नि अंग नाही म्हणतं, हे ‘मानवत नाही’मध्ये नेमकं येतं.

जाता जाता, बाई, पत्रकात ‘रोगप्रतिकारशक्ती’ लिहिलं असेल तर त्यातला ‘रोग’ काढा. दात्याचा हात निरोगी असतो. इथे प्रश्न रोगाचा नाही, आप-पर ओळखण्याचा आहे. हल्ली ती ‘शक्ती’ वाढवायचे काढे विकतात, त्यामुळे जास्त तितकी चांगली असा समज झालाय. ह्या रुग्णांना ती जन्मभर कमी ठेवावी लागते, आणि त्यापायी जंतुसंसर्गाचा, मधुमेहाचा, मूत्रपिंडं बिघडण्याचा धोका पत्करावा लागतो.

जुनी पानं, दापोली
कावसजीची गोष्ट आठवली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं आणि एक हातही. पुण्यात त्याच्याच कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक केलं, त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आली. नाक मानवलं, कारण कातडी त्याचीच. हाताला मात्र इलाज नव्हता; स्वतःच्या अंगातून दुसरा हात कुठून काढणार?

तरी ‘नाकारणे’ अगदीच टाकू नका. १९९८ साली फ्रान्समध्ये लियाँ इथे ज्याला हात बसवला, त्याचं त्या हाताशी मन जुळेना. त्याने औषधं सोडली, हात बिघडत गेला, आणि २००१ मध्ये त्याच्याच मागणीवरून काढून टाकला. अंगाला मानवला नाही आणि माणसानेही नाकारला, दोन्ही शब्द हवेत.

शाळाबाई, रत्नागिरी
मग असं ठरवते: अंगाच्या बाबतीत ‘न मानवणे’, माणसाच्या बाबतीत ‘नाकारणे’. चेहऱ्यालाही तेच. २००५ साली फ्रान्समध्येच अमियाँला ज्या बाईंना नाक, ओठ, हनुवटी बसवली, त्यांनी चेहरा आपला मानला होता, असं मला वाटतं. अंगाला पटवायला गोळ्या चालूच होत्या. ‘इम्युनोसप्रेसंट’ला ‘प्रतिकार दाबणारी औषधं’ चालेल ना?

कलमवाला, देवगड
‘दाबणारी’ चांगला. कलमाखाली खुंटाला रायवळाची फूट येते, ती आम्ही वरचेवर खुडतो. एक वर्ष विसरलात तर काडीचा जोर जातो आणि खालचा रायवळ माजतो. त्यामुळे ‘दाबणारी’पुढे ‘रोज’ लिहा.

शाळाबाई, रत्नागिरी
लिहिलं. ‘नवा हात अंगाला मानवावा म्हणून प्रतिकार दाबणारी औषधं रोज, जन्मभर घ्यावी लागतात.’ सासूबाईंनी ऐकलं नि विचारलं, “एक दिवस चुकला तर?” तेवढं पत्रकात नाहीये. घालते.