मीडियम फॉरमॅटवर जुनी पैठणी: पदरावर रंगीत लाटा येतात, कोणती लेन्स घ्यावी?

काठपदर

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझं सासर येवल्याचं. घरात दोन माग आहेत. आजेसासूबाईंच्या लग्नातली नऊवारी पैठणी आमच्याकडे आहे. ताणा (उभे धागे) निळा, बाणा (आडवे धागे) लाल, त्यामुळे समोरून पाहिली तर जांभळी आणि तिरकी धरली की तांबूस. आता घड्यांवर रेशीम तुटायला लागलंय. पदरावर बांगडी मोर आहेत आणि ते ज्या घाटाचे आहेत त्या घाटाचे आज आमच्या ओळखीत कुणी विणत नाही. माझ्या चुलत सासऱ्यांना, म्हणजे काकांना, तो पदर पुन्हा मागावर घ्यायचाय. कागदावर नक्षी उतरवलेली कुठेच नाही. प्रत्यक्ष पदरावर भिंग धरून रोज बसायचं तर तो टिकणार नाही. म्हणून मला असा फोटो हवाय की काका त्यावरून धागा न् धागा मोजू शकतील. सुंदर दिसला नाही तरी चालेल, मोजता आला पाहिजे.

कॅमेरा मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे नेहमीच्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा: फुजीफिल्म जीएफएक्स 50आर, वापरलेला घेतला. 51.4 मेगापिक्सेल, सेन्सर 43.8 बाय 32.9 मिमी. स्वतःची अशी एकच लेन्स आहे: बाबांच्या मामिया 645 ची सेकोर सी 80 मिमी एफ/2.8, ऑनलाइन मागवलेल्या अ‍ॅडॅप्टरवर. पदर टेबलावर मलमलीवर सपाट पसरलाय, टांगायची हिंमत नाही. कॅमेरा वरून, दोन फ्लॅश दोन बाजूंनी. रुंदी 115 सेंमी, लांबी सुमारे 85. शिडीला आडवी दांडी बांधून अख्खा पदर एका फ्रेममध्ये घेतला.

अडचणी अशा:

पूर्ण फोटो छान दिसतो, पण मोठा केला की जांभळ्या पोतावर हिरव्या-गुलाबी लाटा. साडीत असं काहीही नाही.

डावी कड मऊ येते. लेन्सचं छिद्र एफ/8 इतकं बारीक करूनही.

जर एक तर पांढरीफटक पडते, नाहीतर काळी.

फुजीची जीएफ 120 मिमी मॅक्रो, म्हणजे जवळून बारीक तपशील टिपणारी लेन्स, घ्यावी का? की कॅमेराच 100 मेगापिक्सेलचा हवा? दोन्हींपैकी काहीही घ्यायचं तर वर्षभराची बचत जाईल, म्हणून आधी विचारते. काकांनी भिंगाने मोजलं तेव्हा पोतात सेंटीमीटरला साधारण 30 धागे भरले, उपयोग होत असेल तर.

अ‍ॅडॅप्टरवाला

ताई, पैसे खर्च करायच्या आधी डाव्या कडेचा छडा लावा. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, एक फोटो घ्या. मग कॅमेरा उलटा करा, म्हणजे वरची बाजू खाली, आणि तोच फोटो पुन्हा घ्या. मऊपणा पानाच्या त्याच बाजूला राहिला तर कॅमेरा पानाला समांतर नव्हता. मऊपणा कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष लेन्सचा किंवा अ‍ॅडॅप्टरचा. माझा अनुभव विचाराल तर दहातल्या आठ वेळा अ‍ॅडॅप्टर. फुजीच्या जी माउंटचं सेन्सरपासून अंतर 26.7 मिमी, मामिया 645 चं 63.3. म्हणजे मध्ये 36.6 मिमीची नळी आहे. तिची दोन तोंडं एकमेकांना समांतर नसली की लेन्स कितीही चांगली असली तरी एक कड जातेच. लग्नाच्या फोटोंत हे कळत नाही, सपाट वस्तूवर लगेच उघडं पडतं.

लेन्सबद्दल: सेकोर 80 वाईट नाही, पण ती माणसांच्या अंतरावर खुलते. सपाट कामाला मॅक्रोच बरी. जीएफ 120 उत्तमच आहे, पण भाड्याने मिळाली तर चार दिवसांचंच काम आहे तुमचं. स्वस्तातला मार्ग म्हणजे जुनी निक्कॉर 55 मिमी मायक्रो. ती 35 मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याची आहे, तिचं प्रतिमेचं वर्तुळ लांबच्या वस्तूला साधारण 43 मिमीच धरायचं आणि तुमच्या सेन्सरचा कर्ण जवळजवळ 55 मिमी. मग कोपरे काळे पडतील? लांबून पडतील. पण ती लेन्स पुढे सरकत जवळचं फोकस करते, आणि लेन्स सेन्सरपासून जितकी दूर जाते तितकं वर्तुळ वाढतं. वस्तूच्या पाव आकाराला ते 54 मिमी होतं, अर्ध्या आकाराला 65. मी नाणी आणि मोडी कागद याच जोडीने काढतो, कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. तुमच्या पदराला मात्र त्याहून बरंच लांबून घ्यावं लागेल, तिथे कोपरे जातील. एखाद्याच मोराची पापणी न् पापणी हवी असेल तेव्हा ती लावा.

लाटांबद्दल मला नीट सांगता येणार नाही. जाणकार बोलतील.

प्रोसेसकाका

मी 31 वर्षं पुण्यात छपाईच्या कामात होतो, त्यातली बरीचशी प्रोसेस कॅमेऱ्यावर (छपाईसाठी मूळ चित्राची फिल्म काढणारा मोठा कॅमेरा). लाटा म्हणजे मॉयरे. आमचा जुना शत्रू. चार रंगांच्या स्क्रीन (ठिपक्यांच्या जाळ्या) 15, 75, 90 आणि 45 अंशांत फिरवून लावायचो त्या याच्याच भीतीने. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी दिसते. तुमच्याकडे एक जाळी पदराच्या धाग्यांची, दुसरी सेन्सरच्या पिक्सेलची.

आता हिशेब. 115 सेंमी पदर बसवायला तुम्ही फ्रेममध्ये साधारण 120 सेंमी घेतले असणार. कॅमेरा लांबीला 8256 पिक्सेल देतो. म्हणजे मिलिमीटरला जेमतेम 7. तुमचे धागे मिलिमीटरला 3. एका धाग्याच्या वाट्याला सव्वादोन पिक्सेल. नुसत्या करड्या प्रतिमेला दोन म्हणजे अगदी काठावर. आणि रंगाला तर तेही पुरत नाहीत, कारण लाल आणि निळा टिपणारे पिक्सेल एकाआड एक असतात, त्यांना एका धाग्यामागे चार तरी हवेत. म्हणून लाटा हिरव्या-गुलाबी. या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे प्रतिमा किंचित मऊ करणारा फिल्टर नाही. डोंगर काढणाऱ्याला ते वरदान, कापड काढणाऱ्याला डोकेदुखी.

100 मेगापिक्सेल घेऊन काय होईल? लांबीला 11648 पिक्सेल, म्हणजे धाग्याला सव्वातीन. लाटा कमी होतील, जाणार नाहीत, आणि काकांना मोजता येणार नाही ते नाहीच. लेन्स अधिक तीक्ष्ण घेतली तर लाटा वाढतील. हे नीट लक्षात घ्या, तुम्ही रोगाचं कारण विकत घ्यायला निघाला आहात.

धागा मोजायचा तर धाग्याला 8 पिक्सेल द्या. मग एका फ्रेममध्ये साधारण 34 बाय 26 सेंमी एवढंच कापड येईल. पदर तुकड्यांत घ्या, शेजारच्या तुकड्यांत तीस टक्के तरी सामाईक भाग ठेवा. पाच रांगा, पाच स्तंभ, 25 फ्रेम. तुमची 80 मिमी लेन्स कापडापासून साधारण 70 सेंमीवर येईल, शिडीही नको.

एकाच फ्रेममध्ये अख्खा पदर नोंदीसाठी हवाच असेल तर एफ/16 किंवा एफ/22 वर घ्या. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि पिक्सेलला न झेपणारा तपशील तिथेच गळतो. एफ/22 ला लाटांना जागाच राहत नाही. नेहमी लोक सांगतात एफ/11 च्या पुढे जाऊ नका. इथे जा.

काठपदर

काका, दोनदा वाचलं. धाग्याचा आणि पिक्सेलचा हिशेब घरच्या काकांना सांगितला तर ते म्हणाले, मागाच्या फणीचंही असंच असतं, घर (धागा जातो ती फट) मोजल्याशिवाय ताणा भरत नाही.

दोन शंका. कॅमेरा कापडाला बरोबर समांतर आहे हे 25 वेळा कसं बघू? आणि जरीचं काय करू?

प्रोसेसकाका

पहिल्याचं सांगतो. टेबलावर छोटा सपाट आरसा ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघा, आरशात लेन्सचं प्रतिबिंब दिसेल. ते बरोबर फ्रेमच्या मध्यावर आलं की समांतर झालं. पाणसळ लावून इतकं अचूक येत नाही, कारण टेबल कुठे सपाट असतं? आणि 25 वेळा कॅमेरा हलवूच नका. कापड खालच्या फळीसकट सरकवा. प्रकाशही मग तिथल्या तिथे राहतो.

सुतावरून

मी वस्त्रांच्या नोंदणीचं काम करते, जरीवर बरीच वर्षं डोकं घातलंय, म्हणून लिहिते.

तुम्हाला कुणीतरी लवकरच सांगेल की दोन्ही फ्लॅशवर ध्रुवक फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी) लावा आणि लेन्सवर तसाच पोलरायझर तिला आडवा फिरवा, चकाकी गायब. रेशमावर हे फार सुंदर होतं. रंग खोल येतो, वरची पांढरी झाक जाते. पण जर धातूची असते, आणि धातूवरून परतलेला प्रकाश आपली ध्रुवणाची दिशा बदलत नाही. म्हणून पोलरायझर त्याला पूर्ण गिळतो आणि जर मातकट काळी दिसते. मी सुरुवातीच्या काळात एका अख्ख्या संग्रहाचं असं नुकसान केलंय. तपकिरी काठांची ती छायाचित्रं अजून डोळ्यांपुढे येतात.

प्रत्येक तुकड्याचे दोन फोटो घ्या, कॅमेरा आणि कापड अजिबात न हलवता. एक पोलरायझर आडवा करून, तो रेशमाचा. दुसरा एकाच फ्लॅशवर, त्याची फिल्म काढून, दिवा बराच खाली आणून, प्रकाश कापडाला घासून जाईल असा. यात जरीचे वळसे उठून दिसतात. दोन्ही एकमेकांवर ठेवून काकांनाच विचारा कुठे कोणता हवा. पहिल्यात तीन-चार स्टॉप प्रकाश जातो (दर स्टॉपला निम्मा), तेवढी ताकद फ्लॅशमध्ये हवी. शटर 1/125 च्या वर नेऊ नका, या कॅमेऱ्याचं फ्लॅशशी तिथवरच जुळतं. इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा.

आणि तुमच्या साडीचं वेगळं एक: ताणा निळा, बाणा लाल आहे, तेव्हा दिवे ताण्याच्या दिशेने ठेवले की बाण्याच्या, यावर रंग बदलतो. रंगपट्टी ठेवूनही बदलेल, कारण चूक कॅमेऱ्याची नाही, कापडच तसं आहे. एक दिशा ठरवा, वहीत लिहा, शेवटच्या तुकड्यापर्यंत मोडू नका. मधल्या वेळात फ्लॅशचे मॉडेलिंग दिवे (सतत जळत राहणारे) बंद ठेवा. संग्रहालयात अशा रेशमावर 50 लक्सच्या वर प्रकाश ठेवत नाहीत, त्याला कारण आहे.

काठपदर

उशीर झाला कळवायला, मध्ये नवरात्र होतं.

अ‍ॅडॅप्टरच वाकडा निघाला. कॅमेरा उलटा करताच मऊपणा वर्तमानपत्राच्या उजव्या टोकाला गेला. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी परत घ्यायला नकार दिला, दुसरा घ्यावा लागला. नव्यावर डावी कड आणि उजवी कड सारखी. तीस वर्षं कपाटात पडलेल्या बाबांच्या लेन्सवर मी उगाच संशय घेतला होता. जीएफ 120 घेतली नाही.

फळीखाली जुनी चादर घालून फळी सरकवली. आरसा दर पाच फ्रेमनंतर ठेवून पाहिला. फोकस एफ/2.8 वर, पडद्यावर मोठं करून, मग एफ/8 वर फोटो. प्रत्येक तुकड्याचे दोन, म्हणजे 50 फोटो, सकाळी नऊ ते दुपारी तीन. काका शेजारी बसून होते आणि फळी सरकवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

जोडलेलं चित्र साधारण 27,600 बाय 20,400 पिक्सेलचं झालं. फोटोशॉपची पीएसडी फाइल 2 जीबीच्या पुढे जात नाही, तेव्हा मोठ्या चित्रांसाठीच्या पीएसबीमध्ये ठेवलंय. लाटा कुठेही नाहीत. बांगडी मोरांचा भाग 300 डीपीआयला खऱ्याच्या दुप्पट आकारात छापून घेतला. भिंगाशिवाय, खिडकीच्या उजेडात, काका चष्मा लावून टाचणीच्या टोकाने धागे मोजतात.

घासत्या उजेडाचा फोटो आम्ही फक्त जरीसाठी घेतला होता, पण काका तोच जास्त बघतात. त्यात कुठे धागा सोडून बाण्याची कांडी फिरवली, कुठे दोन रंग एकमेकांत अडकवले, हे दिसतं. परवा त्यांनी मला हाक मारली. डावीकडच्या मोराची मान 14 धाग्यांची आहे, उजवीकडच्याची 16. आधी मला वाटलं जोडताना चित्र ताणलं गेलं. मूळ फ्रेम उघडून पाहिली, तिथेही 14 आणि 16. काका म्हणाले, पदराला दोघं बसले होते, डावा हात वेगळा, उजवा वेगळा. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आता नवा पदर विणताना दोन्ही माना सारख्या करायच्या की तशाच ठेवायच्या, यावर घरात दोन मतं आहेत. मी तशाच ठेवा म्हणते.

सगळ्यांचे मनापासून आभार. सुतावरून ताई, दिशा वहीत लिहिली: दिवे बाण्याच्या अंगाला.

पुढचं काम काठाचं. मुनियांचा (छोट्या पक्ष्यांच्या नक्षीचा) आहे, आणि नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर लांबी. एवढी पट्टी जोडत गेलं की चित्र हळूहळू वाकत जातं, दोन मीटरच्या चाचणीतच कमान दिसली. शेजारी लांब पोलादी टेप ठेवून प्रत्येक फ्रेम त्याच्या खुणांवर बसवावी असा विचार आहे. कुणी केलंय का असं?