टर्बो सी: सीएचडिर() शून्य देतंय, तरी ड्राइव्ह सी-च का?

एसवाय_बीसीए:
लॅबमध्ये डॉसबॉक्सवर (जुनं डॉस चालवून दाखवणारा प्रोग्रॅम) टर्बो सी (सी भाषेचा जुना कंपायलर) आहे. मार्कांची फाइल डी ड्राइव्हवर 'मार्क्स' डिरेक्टरीत. डिरेक्टरी बदलायला सीएचडिर("डी:\\मार्क्स") लिहिलं, उत्तर 0 आलं, म्हणजे काम झालं. पण पुढच्याच ओळीत एफओपेन("एसवाय.डॅट", "आर") नल देतंय, म्हणजे फाइल उघडत नाही. चालू डिरेक्टरी सांगणारं गेटसीडब्ल्यूडी छापून बघितलं तर सी:\टीसी\बिन! सर म्हणाले, पूर्ण पाथ लिही आणि मोकळी हो. पण मग 0 आलं तेव्हा नक्की बदललं काय?

जुना_डॉसवाला:
बदललं, पण डी-वर. डॉस प्रत्येक ड्राइव्हची चालू डिरेक्टरी वेगळी लक्षात ठेवतं. तू डी-ची बदललीस आणि स्वतः सी-वरच उभी आहेस. पटत नसेल तर त्याच प्रोग्रॅममध्ये एफओपेन("डी:एसवाय.डॅट", "आर") लिही, कोलननंतर बॅकस्लॅश न देता. उघडेल. आम्ही प्रॉम्प्टवर सीडी मारल्यावर 'डी:' एंटर वेगळं मारायचो, ते याचसाठी.

ड्राइव्ह बदलायला डिर.एच मधलं सेटडिस्क(3). इथे ए म्हणजे 0, म्हणून डी 3. आणि गंमत बघ, त्याच हेडरमधल्या गेटकरडिरला (ड्राइव्हची चालू डिरेक्टरी सांगणारं) ए म्हणजे 1 लागतो, 0 म्हणजे चालू ड्राइव्ह! डॉस.एच मधल्या _डॉस_सेटड्राइव्हलाही ए म्हणजे 1. कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

सेटडिस्क काय परत देतं त्यावर विसंबू नकोस. तो एकूण ड्राइव्हचा आकडा असतो, काम झालं की नाही ते त्यातून कळत नाही. लगेच गेटडिस्क() (चालू ड्राइव्ह सांगणारं) बोलावून 3 येतंय का बघ. घरच्या डॉसबॉक्समध्ये डी माउंट करायचा (जोडायचा) राहिला असेल तर तिथेच सापडेल.

कोड_आणि_कटिंग:
घरी विंडोजवर मिनजीडब्ल्यू (सी कंपायलर) असेल तर सेटडिस्क शोधत बसू नका, मिळणार नाही. डायरेक्ट.एच घ्या. _सीएचड्राइव्ह(4) म्हणजे डी, इथे ए म्हणजे 1. खरं तर तिथल्या _सीएचडिरला ड्राइव्हसकट पाथ दिला की ड्राइव्हही बदलतो, एका ओळीत काम.

प्रोग्रॅम संपल्यावर कमांड प्रॉम्प्ट जुन्याच फोल्डरवर दिसेल. विंडोजमध्ये चालू डिरेक्टरी ज्या त्या प्रोसेसची. प्रोग्रॅममधून कमांड चालवणारं सिस्टिम("सीडी ...") सुद्धा याचमुळे फुकट जातं: वेगळा सीएमडी (कमांड प्रॉम्प्ट) उघडतो, स्वतःची डिरेक्टरी बदलतो आणि मरतो.

एसवाय_बीसीए:
काका, बॅकस्लॅश काढून चालवलं, खरंच उघडली! आता सेटडिस्कही घातलं. एकच: पाथ युजरकडून स्कॅनएफने घेतला तर त्यानेही दोन बॅकस्लॅश टाइप करायचे का?

जुना_डॉसवाला:
नाही, एकच. दोन लागतात ते फक्त सोर्समधल्या अवतरणचिन्हांत. तिथे एकच बॅकस्लॅश देऊन पुढे एन आला तर कंपायलर नवी ओळ समजतो, टी आला तर टॅब. कीबोर्डवरून आलेल्या अक्षरांना कंपायलर हात लावत नाही.