मदत हवी आहे : मॉन्टेसरी वर्गाच्या पहिल्या आठवड्यात पालकांनी किती वेळ थांबावे?

आमच्या मॉन्टेसरी वर्गात ३ ते ६ वर्षांची २४ मुले एकत्र असतात आणि येत्या जूनमध्ये त्यांत ९ मुले नव्याने येणार आहेत. गेल्या वर्षी सर्व कुटुंबांना एकाच दिवशी बोलावले, तेव्हा गुलाबी मनोऱ्याभोवती (एकावर एक रचायच्या लहान-मोठ्या गुलाबी ठोकळ्यांच्या साधनाभोवती) पालकांचीच गर्दी झाली, जुन्या मुलांची एकाग्रता मोडली आणि नवी मुले आईला सोडेनात. म्हणून यंदा जुनी मुले चार दिवस आधी येतील आणि नवी तीन-तीनच्या गटांत, दीड तासासाठी. बहुतेक पालकांना दोनच दिवसांची रजा मिळते आणि व्हरांड्याखेरीज बसायला जागा नाही. मुलाला न सांगता निघून जाणे मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. अशा वेळी निरोप दारातच घ्यावा, की पालकाने वर्गात बसावे, आणि बसल्यास किती वेळ?