उत्तर: नवी मुंबई ते कोल्हापूर, अंतर आणि वेळ

दादा, नवी मुंबईहून कोल्हापूरला विमानानं किती वेळ लागेल, असं तुम्ही विचारलंत. तुमचं गणित (२९० किमी भागिले ताशी ५०० किमी, म्हणजे ३५ मिनिटं) हवेतल्या सरळ रेषेपुरतं बरोबर आहे. पण एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान हा वेग वर स्थिरावल्यावरच गाठतं. चढताना-उतरताना तो बराच कमी असतो. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून कोल्हापूरला उभं राहीपर्यंतची. विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं, धावपट्टीसाठी थांबणं, वळसा घेऊन उतरणं, सगळं त्यात आलं. म्हणून तासभर धराच.

तुमच्या ठाण्याहून कोल्हापूर रस्त्यानं पावणेचारशे किमीच्या घरात आहे. आई-वडील बरोबर असतील तर मी विमानच सुचवेन. मात्र ठाण्यातल्या घोडबंदरहून उलव्याला, म्हणजे नवी मुंबई विमानतळावर, पोहोचायला लागणारा वेळ आधी मोजा, संध्याकाळी तर नक्कीच.