चाळकेवाडी पठारावर मुलाखत घेताना शब्द वाऱ्यात जातात, मदत हवी आहे

मंडळी, साताऱ्याहून लिहितेय. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर जी जुनी माणसं आहेत, त्यांच्या मुलाखती मोबाईलवर चित्रित करतेय. पवनचक्क्या यायच्या आधी कुठल्या उतारावर नाचणी होती, कुठं वरी, पावसाळ्यात गुरं कुठं नेत, हे सांगणारे आता थोडेच उरलेत. म्हणून घाई आहे.

अडचण वाऱ्याची. माझ्याकडं कॉलरला लावायचा वायरलेस माइक आहे, त्यावर सोबत आलेली स्पंजची टोपी. झोत आला की भडभड होतं आणि त्याखाली शब्द गडप. त्यात ज्या आबांशी बोलतेय त्यांची ढब अशी, की वाक्याचा शेवट अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यागत. "तितं मोठं झाड हुतं बग, त्येच्याखाली आमी..." आणि पुढचं गेलं. झाडाखाली काय करायचे तेच नेमकं ऐकू येत नाही. शिवाय झोत आला की आवाजाची पातळी आपोआप खाली जाते, आबांचा आवाज बसतो. वारा पडला की पातळी वर येते आणि पात्यांची घुंघुं पुढं येते.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करायची सोय) लावलं. पंख्याच्या एकसारख्या आवाजावर ते चालतं. वारा क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळं वारा राहतोच आणि आबांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं की घरघर कमी होते, पण आवाज फाटला तिथला शब्द काही परत येत नाही.

घरात बसवून मुलाखत घ्या, हा सल्ला कृपया नको. घरात आबा दोन वाक्यांत आटपतात. बाहेर बसले की हात करून एकेक उतार दाखवतात, आणि त्या उतारावरून पुढची गोष्ट निघते. वाराही मला पूर्ण घालवायचा नाही, तो तिथलाच आहे. फक्त शब्द कळले पाहिजेत. कमी खर्चात काय करता येईल?

प्रतिसाद

ताई, भडभड वाऱ्याच्या आवाजाची नाही. हवा माइकच्या पडद्यावर आदळते, त्याची आहे. म्हणून ती माइकच्या आधीच अडवायला हवी, नंतर काढणं अवघड. स्पंज हलक्या झुळकेपुरता. कॉलर माइकसाठी छोटं केसाळ कव्हर मिळतं, ते आधी घ्या. केसांत वाऱ्याचा वेग मोडतो.

लांब नळीचा माइक घ्यायला कोणी सांगेल, तो इथं नको. एका दिशेचा आवाज पकडणारे माइक वाऱ्याला जास्त हळवे असतात. कॉलर माइक बहुतेक चारी बाजूंनी ऐकणारे असतात, तुमचा तोच ठेवा.

आबांना वाऱ्याकडं पाठ करून बसवा, म्हणजे छातीवरचा माइक त्यांच्याच आडोशाला येतो. वारा फिरता असेल तर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दोघांनी घोंगडं ताणून धरा. जाड लोकर वारा चांगला अडवते.

पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करा. आबांचं सगळ्यात मोठं बोलणं पातळी दाखवणाऱ्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं हातानं लावा. तुमच्या माइकला सेफ्टी ट्रॅकची सोय असेल तर चालू ठेवा, तोच आवाज थोड्या कमी पातळीवर वेगळा साठतो, एक फाटला तरी दुसरा वाचतो. आणि कानाला हेडफोन हवाच. वाक्य गेलं की तिथंच कळतं, "आबा, झाडाखाली काय म्हणालात?" असं विचारता येतं.

निघताना सगळ्यांनी गप्प राहून मिनिटभर नुसता पठाराचा आवाज घ्या, केसाळ कव्हर लावूनच. तुकडे जोडताना मधे भरायला तो लागतो.

मूळ लेखिका

खूप आभार. पाठ वाऱ्याकडं केली तर आबांना समोर खालचा सगळा उतार दिसतो, म्हणजे तेही जमतंय. घोंगडं त्यांच्या घरात आहेच. एकच विचारायचंय: आबा बोलताना हात फार हलवतात, खांद्यावरचा टॉवेल सारखा छातीवर येतो. केसाळ कव्हर त्याला घासून खरखर होईल का? पटक्याच्या कडेत, कपाळाजवळ माइक खोचला तर चालेल?